मशीनशी जुळलेली वेळ

बाबा गेले तेव्हा मी अमरावतीच्या मैदानावर मुलींच्या चारशे मीटरची वेळ घेत होते. फोन जवळ नव्हता. स्पर्धा सुरू असताना टाइमकीपरनं फोन जवळ ठेवायचा नाही असा आमच्याकडे नियम झाला होता. आदल्या वर्षी ऐन फायनलला एका सरांच्या खिशात फोन वाजला, हात दचकला आणि मुलगी रेषेपाशी पोचायच्या आधीच घड्याळ थांबलं. तेव्हापासून सकाळी सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत जायचे आणि ती पिशवी रेकॉर्ड लिहिणाऱ्या बाईंच्या खुर्चीखाली राहायची.

मी अमरावतीला एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. वीस-बावीस वर्षं झाली. बाबा अकोल्याच्या शाळेत हेच शिकवायचे, आणि जिल्ह्याच्या स्पर्धा असल्या की मुख्य टाइमकीपर तेच असायचे. मी सातवीत असताना त्यांनी माझ्या हातात पहिल्यांदा घड्याळ दिलं. किल्लीचं होतं, तळहातभर मोठं, आणि आतला काटा सेकंदाचे पाच तुकडे करत पळायचा. बाबा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. त्यांच्याकडे बंदूक नव्हती, दोन लाकडी फळ्या होत्या. फळ्यांना त्यांनी मैदान आखायची फक्की लावली होती. फळ्या एकमेकींवर आपटल्या की पांढरा ढग उडायचा, आणि आवाज थोड्या वेळानं माझ्यापर्यंत यायचा.

"आवाजाले ऐकू नको बाई," त्यांनी सांगितलं होतं. "फक्की उडते तिकडं पाह्य. आवाज मांगून येते. अन् अंगठ्यानं नाय दाबाचं, पहिल्या बोटानं दाब. अंगठा आळशी असते."

घरी आल्यावर त्यांनी पाटीवर रेघ मारून समजावलं. माणूस वेळ घेतो तेव्हा ती खऱ्या वेळेपेक्षा नेहमी थोडी कमी भरते. सुरुवातीला फक्की कधी उडेल ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून घड्याळ जरा उशिरा सुरू होतं. शेवटी मात्र पळणारा समोरून येताना दिसत असतो, म्हणून बोट त्याच्या छातीबरोबरच रेषेवर पोचतं. सुरुवातीचा उशीर शेवटी भरून निघत नाही.

"हे सगळ्याइचंच होते," बाबा म्हणाले. "तीन जनं वेळ घेतात अन् मधली धरतात, ते त्याच्यासाठीच. ज्याचं असं होत नाय, त्याच्यापासून सावध राह्यजो."

पुढे आकडे दाखवणारी घड्याळं आली. ती गळ्यात अडकवायची असत आणि सेकंदाचा शंभरावा भागही दाखवत. मी कॉलेजात होते, मला फार अप्रूप वाटलं होतं. बाबांनी ते घड्याळ चार वेळा सुरू केलं, चार वेळा थांबवलं आणि मला परत दिलं. "बोट तेच हाय," म्हणाले. "आकडे तेवढे वाढले."

मग काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या मैदानावर पहिल्यांदा कॅमेरा आला. तोवर बाबा निवृत्त झाले होते, पण काठी घेऊन पाहायला आले. कॅमेरा चालवणारा माणूस बाळापूरचा होता. आधी तो लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा, मग त्यानं कुठून तरी हे शिकून घेतलं आणि स्वतःचं यंत्र घेतलं. बंदुकीला एक वायर, रेषेच्या बाजूला उंचावर कॅमेरा, आणि टेबलावर लॅपटॉप. शर्यत संपली की पडद्यावर एक लांबलचक चित्र यायचं. त्यात मुलींचे पाय विचित्र दिसायचे, कोणाचा बूट हातभर लांब, कोणाचा बोटाएवढा.

"पाय असे काहून दिसते?" बाबांनी विचारलं.

"काका, हा कॅमेरा फक्त रेघ पाहते," तो म्हणाला. "रेघेच्या इकडचं नाय, तिकडचं नाय. एका सेकंदात हजार-दोन हजार वेळा तीच रेघ पाहते अन् एकाजवळ एक लावते. जो पाय रेघेवर जास्त वेळ टेकला तो लांब दिसते."

बाबा बराच वेळ ते चित्र पाहत राहिले. त्या माणसानं पडद्यावरची उभी रेघ सरकवत एका मुलीच्या छातीला टेकवली आणि खाली वेळ उमटली. बाबांनी मान हलवली. आयुष्यभर ते ज्यावर भांडले होते, पहिली कोण आणि दुसरी कोण, ते भांडण त्या रेघेनं संपवलं होतं. रिक्षात ते एवढंच म्हणाले, "चांगलं हाय. पोरींचं नुकसान होनार नाय."

त्यानंतर सगळ्या स्पर्धांना कॅमेरा परवडायचा असं नव्हतं. काही ठिकाणी तो असायचा, काही ठिकाणी आम्हीच. त्या दिवशी अमरावतीला आम्हीच होतो.

बाबांच्या छातीत आठवडाभर कफ झाला होता. धाकट्या भावानं त्यांना अकोल्यात दवाखान्यात ठेवलं होतं. मी रविवारी जाऊन आले होते, तेव्हा बसून बोलत होते. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवसांत सोडू.

चारशेच्या हिट, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, संपल्यावर रेकॉर्डच्या बाई पिशवी घेऊन स्टँडपाशी आल्या. टाइमकीपरसाठी पायऱ्या-पायऱ्यांचा लोखंडी स्टँड असतो, मी तिसऱ्या पायरीवर होते. "मॅडम, तुमचा फोन मघापासून घरघर करून राहिला," त्या म्हणाल्या. भावाचे अकरा मिस्ड कॉल होते. मी खाली उतरून फोन लावला.

"बाबा गेले," तो म्हणाला.

"किती वाजता?"

"झाला थोडा वेळ. साडेअकराच्या आसपास."

"आसपास म्हणजे?"

तो म्हणाला, तू ये आधी. आपण असं का विचारलं ते माझं मलाच कळलं नाही. मी म्हटलं, येते, आणि फोन ठेवला.

मुख्य टाइमकीपर सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, लगेच निघा. पण माझ्या जागी येणाऱ्या मॅडम अजून बडनेऱ्याहून पोचल्या नव्हत्या. आठशेच्या दोन शर्यती समोर होत्या. मी म्हटलं, ह्या दोन घेते आणि जाते. घेतल्या. दोन्ही कागदांवर सही केली. नंतर कितीतरी जणांनी मला सांगितलं, केवढी हिंमत तुमची. हिंमतीचा काही संबंध नव्हता. मुली रेषेवर उभ्या होत्या, माझ्या हातात घड्याळ होतं, आणि दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

बस मूर्तिजापूरला थांबली तेव्हा मी उतरून उसाचा रस प्यायले. गोड होता, बर्फ जास्त होता. सुटे पैसे नीट मोजून घेतले. हे सगळं मला स्वच्छ आठवतं. त्यात मी कुठे होते ते आठवत नाही.

घरी माणसं जमली होती. भंते आले, वंदना झाली, संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "रड माय, मोकळी हो." मी प्रयत्न केला. तोंड वाकडं केलं तर रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बाबांचे विद्यार्थी आले होते. त्यात काहींचे केस पांढरे झालेले होते. एकेक जण उभा राहून बोलला. मी सगळ्यांना चहा मिळाला की नाही ते पाहत होते.

मग शाळा सुरू झाली. मी वेळेवर जात होते, शिट्टी वाजवत होते, रांगा करून घेत होते. जेवण जात होतं, झोपही येत होती. नवरा सारखा विचारायचा, बरी आहेस ना. मी बरी होते. त्यात खोटं काही नव्हतं. पायावर बसून राहिल्यावर तो बधिर होतो, आपण हात लावला तर पाय आहे एवढं कळतं, आपला आहे हे कळत नाही, तशी होते.

महिन्याभरानं अकोल्याला स्पर्धा होत्या. तिथे कॅमेरा होता आणि आम्हाला राखीव म्हणून बोलावलं होतं. मशीन बंद पडलं तर आमची वेळ धरायची, नाहीतर आमचे कागद फायलीत जायचे. मी स्टँडवर चढले. शंभर मीटरची पहिली शर्यत लागली. धूर निघाला. तो मला दिसला, तो धूर आहे हे कळलं, आणि मग बोट दाबलं गेलं. मुलगी छाती पुढे काढून रेषा ओलांडून गेली. ती गेली हे कळलं, आणि मग बोट दाबलं गेलं. बाजूच्या सरांच्या घड्याळाचा टिक माझ्या आधी ऐकू आला, दोन्ही वेळेला.

तीन शर्यती झाल्यावर कॅमेरावाला हातात कागद घेऊन आला. तोच बाळापूरचा माणूस. आता त्याच्या कानशिलावर पांढरं आलं होतं.

"मॅडम, हे पाहा," तो म्हणाला. "बाकीच्याइची वेळ मशीनपेक्षा दोन-अडीच दशांशानं कमी हाय. ते असतेच. तुमची मातर जशीच्या तशी. मशीनची बारा सत्त्याऐंशी, तुमची बारा पंच्याऐंशी. तिन्ही शर्यतींत तसंच."

मुख्य टाइमकीपर सरांनी कागद पाहिला आणि सगळ्यांना दाखवला. "मॅडमचं घड्याळ अन् मशीन म्हणजे सख्ख्या बहिणी झाल्या," ते म्हणाले. "शेवटी मुलगी कोणाची आहे." दोन नवीन शिक्षक होते, त्यांना माझ्या शेजारी उभं केलं, बोट कसं ठेवतात ते पाहा म्हणून. त्यांनी पाहिलं. मी पुढच्या चार शर्यती तशाच घेतल्या. चारही मशीनशी जुळल्या.

मला माहीत होतं ते काय आहे. बाबा तिथे असते तर त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं असतं आणि घड्याळ काढून घेतलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत मी कॅमेऱ्याच्या टेबलापाशी गेले. तो डबा खात होता.

"भाऊ, तुमच्या मशीनले हे दिसते का, की मी घड्याळ सुरू कधी केलं अन् बंद कधी केलं?"

"नाय मॅडम. मले तुमचा एकूण आकडा दिसते."

"मग ऐका. मी दोन्हीकडं उशिरा दाबून राहिली. जेवढा उशीर सुरुवातीले, तेवढाच शेवटी. वजाबाकी केली की बरोबर येते. हे चांगलं नाय भाऊ. शेवटी बोट आधीच तयार पाहिजे. माझं होत नाय."

त्यानं घास गिळला आणि थोडा विचार केला. "पाहाचं का?" म्हणाला.

त्यानं बंदूक उडवणाऱ्या स्टार्टरला विनंती करून एक कोरी गोळी उडवायला लावली. मी धुराकडे पाहत उभी राहिले. त्यानं मोबाइल असा धरला की माझं बोट आणि मागे बंदुकीचा धूर दोन्ही त्यात येतील, आणि हळू चालणारं चित्र घेतलं. मग टेबलावर फोन ठेवून एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. धूर निघतो. वर चढतो. पसरायला लागतो. तोवर माझं बोट नुसतं बटणावर ठेवलेलं होतं, एखाद्या वस्तूसारखं. मग ते हललं. मोजणी अर्ध्या सेकंदाच्या जवळ गेली. बाजूच्या सरांचं त्यानं तसंच घेतलं होतं, ते त्याच्या निम्म्यावर होतं.

"तुमचे बाबा गेले म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"माझी आई गेली तवा मी एका लग्नाचं शूटिंग धरलं होतं. आठ दिवसांनी गेलो, पूर्ण केलं. नंतर पाह्यलं त सगळं नीट. फोकस बरोबर, लाइट बरोबर. फकत कॅमेरा कोनाच्या तोंडावर थांबलाच नाय. नवरीची माय रडते अन् मी मांडवाची झालर दाखवून राहिलो." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "त्या लोकाइनं पैसे देले. काही म्हटलं नाय."

मी मुख्य सरांकडे गेले आणि मला घड्याळावरून काढा म्हणाले. त्यांना कळेना. "वेळ तर बरोबर येते ना? मग?" मी म्हटलं, "सर, मी उशिरा दाबते." ते म्हणाले, "अहो, पण बरोबर येते." शेवटी त्यांनी मला पंधराशेच्या शर्यतीत शेवटच्या फेरीची घंटा वाजवायला बसवलं. घंटा कोणालाही वाजवता येते.

संध्याकाळी मी भावाकडे गेले. वहिनीनं भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी केली होती. जेवताना मी भावाला दिवसाची हकिकत सांगितली, मशीनची, बोटाची, मोबाइलवर मोजल्याची. तो ऐकत होता. मग त्यानं हात ताटातच थांबवला.

"ताई, तू तवा विचारलं होतं, किती वाजता म्हनून."

"हो."

"मले मालूम नाय. मी नव्हतो तिथं." वहिनी त्याच्याकडे पाहायला लागली, म्हणजे हे तिलाही ठाऊक नव्हतं. "त्याइले चहा पाह्यजे होता. नर्स म्हने आत्ता नको. ते ऐकत नव्हते. मी खाली टपरीवर गेलो. तिथं गर्दी होती. वर आलो त ते तसेच टेकून बसले होते. मी चहा बशीत ओतला, फुंकला, मंग समजलं. डॉक्टर आले त्याइनं घड्याळ पाह्यलं अन् लिहिलं. ती वेळ डॉक्टरची हाय."

मी म्हटलं, "मीही नव्हते."

"तू अमरावतीले होती. मी जिन्यावर होतो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. तेव्हा सुचलं नाही. थोड्या वेळानं वहिनीनं विचारलं, अजून भाकरी घेता का, आणि आम्ही दोघांनीही घेतली. निघताना दारात मी त्याला म्हटलं, त्यांना चहा टपरीचाच आवडायचा. तो हो म्हणाला.

हिवाळ्याच्या शेवटी अकोल्यात रस्त्यावरची मोठी शर्यत झाली. भावाच्या गल्लीतल्या लोकांनी मला मदतीला बोलावलं. आता अशा शर्यतींना घड्याळ धरणारं कोणी नसतंच. छातीवर लावायच्या नंबराच्या कागदामागे नखाएवढी चिप चिकटवलेली असते, रस्त्यावर रबरी चटई टाकलेली असते, माणूस चटईवरून गेला की वेळ आपोआप नोंदली जाते. पोलीस भरतीलाही हेच करतात. माझं काम नंबर वाटण्याचं आणि कागद घडी न घालता लावा हे सांगण्याचं. पाचशे-सहाशे माणसांना मी ते एकाच आवाजात सांगितलं. परतवाड्याहून आलेल्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी विचारलं, "मी लय मांगं राह्यली तरी हे मोजते का?" मी म्हटलं, "मोजतं. कितीही उशिरा आल्या तरी मोजतं." त्या हसल्या आणि गेल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा अमरावतीला स्पर्धा होत्या आणि आता तिथेही कॅमेरा आला होता. एक टाइमकीपर आजारी पडले म्हणून सरांनी मला विचारलं. मी घड्याळ घेतलं. पहिल्या शर्यतीला स्टार्टरनं हात वर केला तेव्हा माझ्या पोटात बारीक गोळा आला. पूर्वी तो दर वेळी यायचा, मधल्या वर्षभरात आला नव्हता हे तेव्हाच ध्यानात आलं. मुलगी रेषेकडे यायला लागली तसं बोट आपलं आपण ताठ झालं.

चार-पाच शर्यतींनंतर तोच बाळापूरचा कॅमेरावाला कागद घेऊन स्टँडपाशी आला.

"मॅडम, या वक्ती तुमी बी सगळ्याइसारख्या चुकल्या," तो म्हणाला. "दोन दशांश कमी. दर वेळी."

"बरं," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो टेबलाकडे परत गेला. मला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. पायाला मुंग्या येतात तेव्हा आधी दुखतंच. दुपारी स्टँडमागे जाऊन मी पाण्याच्या टाकीपाशी पाच मिनिटं उभी राहिले. काही जणी तोंड धुवायला आल्या, म्हणून तिथून निघाले.

त्याच दिवशी बक्षीस समारंभानंतर सरांनी सांगितलं की पुढल्या वर्षीपासून राखीव टाइमकीपर बोलवायचे नाहीत. मशीन दोन असतील, एक बंद पडलं तर दुसरं. आम्ही घड्याळं गळ्यातून काढली, दोऱ्या गुंडाळल्या आणि खोक्यात ठेवली. सरांनी सगळी घड्याळं मोजून खोक्याला चिकटपट्टी लावली.

आता मला लांब उडीच्या खड्ड्यावर नेमतात. मुलगी उडी मारते, वाळूत खूण पडते, मी खुणेत खिळा धरते आणि दुसरी मॅडम जिथून उडी घेतात त्या पाटीपासून टेप ताणते. आकडा मोठ्यानं सांगायचा, मग वाळू सपाट करायची. इथे घाई नसते. उन्हात टोपी लागते आणि संध्याकाळी बुटांत वाळू निघते.